सत्तावीस लाख जखमा, धनुर्वात बाराजणांना

दुसऱ्या महायुद्धात जखमा आणि दुखापतींमुळे अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत २७ लाखांहून अधिक वेळा सैनिकांना दाखल करावं लागलं. वानखेडे स्टेडियम ऐंशीहून जास्त वेळा खचाखच भरेल, एवढी ही संख्या. खंदकातली, शेतातली खतमाती उघड्या जखमेत गेली की धनुर्वाताच्या जंतूंना आयतंच घर मिळतं. तरीही धनुर्वात झाला फक्त बाराजणांना, आणि त्यातल्याही काहींनी लस घेतलेली नव्हती.

लशीची ही किमया समजायची तर बोअर युद्धाकडे जावं लागतं. १९०० साली दक्षिण आफ्रिकेत पार्डेबर्गच्या लढाईच्या वेळी मेलेली जनावरं मॉडर नदीतून वाहत होती आणि तहानलेले ब्रिटिश सैनिक तेच पाणी पीत होते. पुढे ब्लूमफाँटेनच्या छावणीत टायफॉइडने थैमान घातलं. तिथल्या रुग्णालयात शेरलॉक होम्सचे लेखक डॉ. आर्थर कॉनन डॉयल रुग्णांच्या सेवेत होते. संपूर्ण युद्धात टायफॉइडचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले आणि ८,०००हून अधिक सैनिक दगावले. शत्रूच्या हातून मेलेले याहून थोडे कमीच! आल्मरॉथ राइट यांची टायफॉइडवरची लस तेव्हा उपलब्ध होती, पण ऐच्छिक. शंभरातल्या पाचांनीही ती घेतली नाही. पहिल्या महायुद्धात बहुतेक ब्रिटिश सैनिकांनी ती टोचून घेतली. फौज कितीतरी पटींनी मोठी, तरी टायफॉइडचे मृत्यू १,२००च्या आसपास राहिले. यात स्वच्छ पाण्याचाही वाटा आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण लाखो दंडांत एकच लस जाते, तेव्हा एक चूकही लाखोंच्या अंगात जाते. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना दिलेल्या पीतज्वराच्या लशीत ती टिकावी म्हणून माणसाच्या रक्तातला द्रव मिसळला होता. काही रक्तदात्यांना हेपेटायटिस बी होता. सुमारे ५०,००० सैनिक काविळीने रुग्णालयात पोहोचले. संसर्ग तीन लाखांहून अधिक जणांना झाल्याचा अंदाज पुढे निघाला. त्याच वर्षी रक्तद्रव वगळून लस बनू लागली.

सैनिकाला बहुधा ‘नको’ म्हणता येत नाही. म्हणूनच लशीमुळे झालेला प्रत्येक अपाय मोजणं आणि तो उघडपणे सांगणं हे लष्कराचं कर्तव्यच आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि अशी मोजदाद होऊ शकते. डिसेंबर २००२ ते मे २००३ या काळात अमेरिकी लष्कराने साडेचार लाख जणांना देवीची लस टोचली. त्यातल्या ३७ जणांच्या हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज आली. दहा-बारा हजारांत एक! एखाद्या डॉक्टरला आयुष्यभरात असा एकही रुग्ण कदाचित दिसला नसता. इथे मात्र मोहीम चालू असतानाच हृदयाच्या तक्रारींकडे लक्ष गेलं आणि हृदयविकार असलेल्यांना ही लस देणं थांबवण्यात आलं.