गोव्यात फुटबॉल, हिंगोलीत कर्फ्यू : साथीच्या काळात कॉलेजच्या स्पर्धा घ्याव्यात की नाही?

मार्च २०२१ चा पहिला आठवडा. राज्यातली कॉलेजं १५ फेब्रुवारीपासून ५० टक्के उपस्थितीत कुठे सुरू झाली होती. वर्षभर धूळ खात पडलेले नेट, बॉल आणि बूट बाहेर काढायची वेळ आली होती. आणि तेवढ्यात हिंगोलीत आदेश निघाला.

कोरोनाचे पेशंट वाढायला लागल्यामुळे जिल्हाधिकारी रुचेश जयवंशी यांनी १ ते ७ मार्च असा सात दिवसांचा कर्फ्यू लावला. शाळा, कॉलेजं, धार्मिक स्थळं, मंगल कार्यालयं, सगळं बंद.

गंमत बघा. त्याच आठवड्यात गोव्यात इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनल चालू होत्या. ५ मार्चला मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांची मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली. १३ मार्चला फायनल झाली आणि मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ ने हरवून कप उचलला.

म्हणजे खेळ तोच, व्हायरस तोच, महिनाही तोच. एकीकडे टीव्हीवर फुटबॉल, दुसरीकडे कॉलेजच्या मैदानाला कुलूप. तेव्हा अनेक पोरांना प्रश्न पडला होता की त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र मैदानात कमी आणि मैदानाबाहेर जास्त सापडतं.

गोव्यात नेमकं काय केलं होतं?

२०२०-२१ चा आयएसएलचा अख्खा सीझन फक्त गोव्यात खेळवला गेला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशी तीन मैदानं, ११ टीम आणि एकूण ११५ मॅच. एकही प्रेक्षक आत नाही.

यालाच 'बायो-बबल' म्हणतात. खेळाडू, कोच, स्वयंपाकी, बसचा ड्रायव्हर, हॉटेलचा स्टाफ या सगळ्यांना एका बंद वर्तुळात ठेवायचं. आत येताना क्वारंटाइन, नंतर ठराविक दिवसांनी टेस्ट. हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल, एवढंच जग. घरी जाणं नाही, बाहेरच्याला भेटणं नाही.

यासाठी पैसा लागतो आणि भरपूर लागतो. एकट्या पैशानेही भागत नाही. बीसीसीआयसारख्या श्रीमंत बोर्डाने २०२०-२१ ची रणजी ट्रॉफी रद्द केली. १९३४-३५ ला सुरू झालेल्या या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. कारण देशभरातल्या टीमना घेऊन एवढी लांबलचक स्पर्धा बबलमध्ये खेळवणं त्यांनाही झेपणारं नव्हतं. पुढे ४ मे २०२१ ला बबल फुटल्यामुळे आयपीएलसुद्धा मध्येच थांबवावी लागली.

मग मैदानात कोरोना पसरतो का?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. फुटबॉलमध्ये धक्काबुक्की, कबड्डीत तर थेट मिठी. त्यामुळे खेळताना लागण होतच असणार असं वाटतं.

इंग्लंडमध्ये २०२० च्या रग्बी सुपर लीगचा अभ्यास झाला. रग्बीत खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडतात, डोकी भिडवतात. अशा चार मॅचमध्ये आठ खेळाडू पॉझिटिव्ह असताना खेळून गेले होते, हे नंतर कळलं. त्यांच्याबरोबर मैदानात असलेल्यांमध्ये नंतर काही जण पॉझिटिव्ह निघाले. पण माग काढल्यावर दिसलं की लागणीचं कारण मॅच नव्हती. एका गाडीतून केलेला प्रवास, आपसातलं मिसळणं, टीममध्ये आधीच सुरू झालेला संसर्ग, ही कारणं होती.

यामागचं विज्ञान साधं आहे. कोरोना हवेतून पसरतो. उघड्यावर वारा असतो, हवा पांगते. शिवाय खेळताना दोन खेळाडू एकमेकांजवळ येतात ते काही सेकंदांसाठी. बंद खोलीत मात्र तीच हवा तासन् तास फिरत राहते.

म्हणजे धोका ९० मिनिटांच्या मॅचमध्ये कमी. धोका आहे तो खच्चून भरलेल्या जीपमध्ये, काचा लावलेल्या बसमध्ये, एका खोलीत गाद्या टाकून झोपलेल्या टीममध्ये, मेसच्या पंगतीत आणि जिंकल्यावरच्या मिरवणुकीत.

प्रेक्षकांचंही तसंच. १९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत मिलानच्या स्टेडियमवर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांची मॅच झाली. बर्गामो शहरातून सुमारे ४० हजार लोक बस-गाड्या भरून गेले, गळाभेटी झाल्या, रात्रभर जल्लोष झाला. काही आठवड्यांत बर्गामो युरोपातल्या सगळ्यात वाईट हॉटस्पॉटपैकी एक बनलं. तिथे साथ भडकायला ही मॅच कारणीभूत ठरली असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. त्यांचा रोख मैदानातल्या २२ जणांवर नव्हता, बाहेरच्या हजारोंवर होता.

हिंगोलीला हा धडा आधीच मिळाला होता

राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक १२ चं ठिकाण हिंगोलीत आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यात मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून आलेले या गटातले जवान एकामागून एक पॉझिटिव्ह निघाले. तोपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पेशंट असलेला हिंगोली जिल्हा एकदम बातम्यांत आला.

जवान म्हणजे रोज पळणारी, व्यायाम करणारी, धडधाकट माणसं. फिटनेसने लागण अडली नाही. कारण एकत्र प्रवास, एकत्र राहणं, एकत्र जेवण. कॉलेजची टीम स्पर्धेला जाते तेव्हा ती याहून वेगळं काय करते?

महाराष्ट्रात बबल फुटला तेव्हा

दुसरं उदाहरण थेट फुटबॉलचं. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा एएफसी आशियाई कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला होता. भारताच्या पोरी घरच्या मैदानावर वर्ल्ड कपचं तिकीट मिळवायला उतरल्या होत्या. २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी झाली.

२३ जानेवारीला नवी मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध मॅच होती. पण टीममधल्या १२ जणी पॉझिटिव्ह निघाल्या. नियमाप्रमाणे कमीत कमी १३ खेळाडू हवेत, तेवढ्याही उरल्या नाहीत. मॅच झालीच नाही. भारत स्पर्धेतून बाहेर गेला, खेळलेली मॅचही रद्द धरली गेली आणि २०२३ च्या वर्ल्ड कपचा रस्ता तिथेच बंद झाला. कोच थॉमस डेनरबी यांनी हॉटेलच्या स्टाफच्या टेस्टिंगवरून जाहीर सवाल केले.

इंटरनॅशनल स्पर्धा, स्टार हॉटेल, नियमित टेस्ट, एवढं सगळं असताना ही गत झाली.

अमेरिकेत तर यावरून राजकारण पेटलं

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आयपीएलसारखं प्रकरण. तो फुटबॉल वेगळा, हातात बॉल घेऊन पळायचा. पण लाखाची स्टेडियमं भरतात आणि टीव्ही हक्कातून विद्यापीठांना अफाट पैसा मिळतो.

११ ऑगस्ट २०२० ला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन मोठ्या लीगनी सीझन पुढे ढकलला. बाकीच्या तीन मोठ्या लीग खेळायच्या म्हणून अडून बसल्या. खेळाडूंमध्येही दोन गट पडले. एक गट म्हणत होता, आम्हाला खेळायचंय, टीमसोबत असलो तर निदान टेस्ट तरी होतात. दुसरा म्हणत होता, आधी आमच्या सुरक्षेची हमी द्या. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही खेळ सुरू करा म्हणून जोर लावला.

शेवटी १६ सप्टेंबरला रोज टेस्ट करायच्या अटीवर बिग टेनने निर्णय फिरवला. शंभराहून जास्त मॅच रद्द झाल्या किंवा पुढे गेल्या, तरी जानेवारी २०२१ मध्ये फायनल झाली. अलाबामाने ओहायो स्टेटला हरवलं.

या वादात हृदयाचा मुद्दा मोठा होता. कोरोनानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. अशा अवस्थेत जोरात खेळलं तर जिवावर बेतू शकतं. ओहायो स्टेटच्या २६ खेळाडूंच्या एमआरआयमध्ये चार जणांत तशी चिन्हं दिसली आणि घबराट उडाली. नंतर बिग टेनच्या सुमारे १६०० खेळाडूंचा अभ्यास झाला, त्यात हे प्रमाण २.३ टक्के निघालं. म्हणजे भीती वाटली होती त्यापेक्षा कमी, पण शून्य नाही. म्हणूनच आजारातून उठल्यावर लगेच मैदानात न उतरता आधी आराम, मग हळूहळू सराव असा सल्ला डॉक्टर देतात. छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान.

हिंगोलीच्या कॉलेजला हे परवडलं असतं का?

हिंगोलीतली कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे त्याच्या हद्दीत आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे या चार जिल्ह्यांतून पोरं-पोरी एका गावात जमणार.

साधा हिशोब करून बघा. मार्च २०२१ च्या शेवटी राज्य सरकारने खाजगी लॅबमधल्या आरटीपीसीआर टेस्टचा दर कमीत कमी ५०० रुपयांवर आणला. कोच-मॅनेजर धरून एका टीममध्ये २० जण, तर एका वेळच्या टेस्टचे १० हजार रुपये. आठ टीमची स्पर्धा असेल तर ८० हजार. ही फक्त एक फेरी झाली आणि एका टेस्टने काम भागत नाही. प्रवास, राहणं, जेवण वेगळंच.

त्यात दवाखान्याचा मुद्दा. दुसऱ्या लाटेत हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. पेशंट गंभीर झाला की नांदेड गाठायचं, म्हणजे रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर. बेड आणि ऑक्सिजनसाठी धावपळ चालू असताना स्पर्धेतून दहा पेशंट वाढणं म्हणजे आधीच ताणलेल्या व्यवस्थेवर आणखी भार.

आणि कॉलेजचा खेळाडू बबलमध्ये राहत नाही. तो संध्याकाळी घरी जातो. घरात आजी-आजोबा असतात, शुगर-बीपी असलेले आई-वडील असतात. 'पोरं तरणी आहेत, त्यांना काय होतंय' हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू यायचं. हिंगोलीचे माजी खासदार राजीव सातव कोरोनाची लागण झाल्यावर उपचार घेत असताना १६ मे २०२१ ला गेले. त्यांचं वय फक्त ४६ होतं.

मग सरसकट बंद हेच उत्तर का?

नाही. कारण बंदीचीही किंमत असते. गावाकडच्या पोरासाठी खेळ म्हणजे फक्त टाइमपास नसतो. खेळाचं सर्टिफिकेट म्हणजे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा दरवाजा. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर पुढचा रस्ता उघडतो. आणि या सगळ्याला वयाची अट असते.

राज्य सरकारने जून २०२१ मध्ये जी पद्धत आणली, ती इथे कामाची आहे. जिल्ह्यांचे पाच स्तर केले. पॉझिटिव्हिटी रेट किती आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत, या दोन आकड्यांवर स्तर ठरायचा. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि २५ टक्क्यांपेक्षा कमी बेड भरलेले, तर पहिला स्तर आणि मोकळीक. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांवर गेली किंवा ७५ टक्क्यांहून जास्त बेड भरले, तर पाचवा स्तर आणि सगळ्यात कडक निर्बंध. मैदानांनाही हीच फूटपट्टी लागली.

यातून कॉलेजसाठी सरळ नियम निघतो. आकडे कमी असतील तर उघड्या मैदानावर, आपल्याच कॉलेजच्या पोरांचा, प्रेक्षकांशिवाय सराव चालू ठेवता येतो. तालुक्यातल्या तालुक्यात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारख्या मॅच ही पुढची पायरी. मुक्कामी स्पर्धा सगळ्यात शेवटी. आणि आकडे चढले की उलट्या क्रमाने बंद करत यायचं, मुक्कामी स्पर्धा सगळ्यात आधी.

थांबवा, पण वर्ष परत द्या

अमेरिकेतल्या एनसीएए या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. त्या सीझनच्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं. ज्यांना धोका वाटत होता, त्यांना बिनधास्त 'नाही' म्हणता आलं.

हे झालं नाही तर काय होतं? १७ वर्षांखालील महिलांचा वर्ल्ड कप २०२० मध्ये भारतात होणार होता. तो आधी पुढे गेला, मग रद्द झाला आणि शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतातच झाला. पण २०२० साठी २००३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, २०२२ ला २००५ किंवा त्यानंतरच्या. आधीच्या स्पर्धेसाठी घाम गाळणाऱ्या अनेक पोरी स्पर्धा आली तेव्हा वयाने बाद झाल्या होत्या.

नोकरभरतीत मात्र हे महाराष्ट्राने मान्य केलं. कोरोनात भरती रखडली म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने कमाल वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट दिली. भरतीला जो न्याय, तोच न्याय कॉलेजच्या मैदानालाही लावता येतो.

पुन्हा कधी साथ आली तर 'खेळायचं की नाही' हा वाद पुन्हा होणार. तेव्हा हिंगोलीसारख्या जिल्ह्याने गोव्याकडे बघून निर्णय घेण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यात किती बेड रिकामे आहेत, पोरं कोणत्या गाडीतून जाणार, कुठे झोपणार आणि संध्याकाळी कोणाच्या घरी परतणार, एवढे चार प्रश्न विचारले की बहुतेक उत्तर मिळतं. आणि उत्तर 'थांबा' असं आलं, तर त्याच आदेशात गेलेलं वर्ष भरून कसं देणार, हेही लिहिलेलं असावं.