गाडीवरचे हात थिएटरात येतात तेव्हा

तारापूर एमआयडीसीत कामगाराच्या अंगावर ॲसिड उडालं, की पहिलं काम कपडे उतरवून वाहतं पाणी सोडण्याचं, किमान वीस मिनिटं. पाणी कुठल्या नळाचं, हात कुठे लागला, हे तेव्हा कोणी पाहत नाही. पाचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष हवाच, असं कायदा सांगतो. अशा कक्षात किंवा खासगी रुग्णवाहिकेवर काही वर्षं काढलेला बोईसर-पालघरचा तंत्रज्ञ ऑपरेशन थिएटरकडे वळायचं म्हणतो, तेव्हा त्याला शरीराची ओळख पुरते. हात मात्र नव्याने घडवावे लागतात.

आधी कागदाचं. आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञांसाठीच्या 2021च्या केंद्रीय कायद्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ एकाच गटात आहेत. म्हणून अनुभवाचा दाखला पुरेल असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रत्येक कामाचं शिक्षण वेगळं, आणि तेही किमान दोन वर्षांचं, दोन हजार तासांचं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीत ऑपरेशन थिएटरची शाखा आहे. तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणारी जाहिरात दिसली, तर खऱ्या थिएटरात किती तास उभं करणार, एवढंच विचारा.

थिएटरातली सकाळ ओळखीची वाटेल. ऑक्सिजन सिलिंडरचा दाब, सक्शनची ओढ, लॅरिंगोस्कोपचा दिवा, हे सगळं गाडीवरही रोज तपासलेलं असतं. भूलतज्ज्ञाच्या बाजूला उभं राहिलं की माणूस लवकर रुळतो.

अवघड जातं ते स्क्रब केल्यानंतर. धुतलेले हात कोपरापेक्षा वर, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळतं, उलटं येत नाही. गाउन फक्त समोरून, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत स्टराइल. पाठ नाही, कमरेखालचा भागही नाही. ट्रॉलीवरून आर्टरी फोर्सेप्स घसरला तर पडू द्यायचा. गाडीत वर्षानुवर्षं पडती वस्तू झेललेला हात इथे आपसूक पुढे जातो, आणि ही सवय सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. ग्लोव्ह चुकून कशाला लागला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तरी ‘अनस्टराइल झालं’ हे स्वतःच मोठ्याने सांगायचं. थिएटरातला माझा सगळा विश्वास या एका वाक्यावर आहे. जो ते सांगतो, त्याच्याच हातची ट्रॉली मला माझ्या माणसासाठी हवी.

ऑटोक्लेव्हचंही नीट समजून घ्यावं. 121 अंश, 15 पौंड दाब, साधारण 15 ते 20 मिनिटं. पॅकवरच्या टेपचे पट्टे काळे झाले, म्हणजे बाहेरून उष्णता लागली एवढंच. आत वाफ पोहोचली का, हे आत ठेवलेली इंडिकेटर पट्टी सांगते.

मग मोजणी. गाडीत रक्त थांबेपर्यंत गॉज दाबायचा, तो मोजत कोणी बसत नाही. इथे चिरा देण्याआधी मॉप मोजायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे, कातडी शिवताना पुन्हा. एक कमी भरला तर सर्जनला थांबवायचं, मग ते कितीही ज्येष्ठ असोत. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो याचसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2008मध्ये आणलेल्या तपासयादीतही तीन थांबे आहेत: भुलीआधी, चिऱ्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. मोजणी जुळली का, हे तिसऱ्या थांब्यावर मोठ्याने बोललं जातं.

चार-चार तास एकाच ट्रॉलीशी उभं राहणं सुरुवातीला जड जातं. पण मध्यरात्री कासा-जव्हारकडून अडलेली बाई येते, सिझेरियन ताबडतोब करायचं असतं, तेव्हा गाडीवरचा जुना वेग उपयोगी पडतो. सर्जन हात धुऊन येईपर्यंत टेबल, सक्शन, कॉटरी तयार असतं. मॉप तेव्हाही मोजायचेच, दोघांनी मिळून, ऐकू जातील असे.