स्वाधीन

अनंतशास्त्री डोंगरे यांना अखेरच्या दिवसांत डोळ्यांनी दिसत नव्हतं. दक्षिणेत दुष्काळ पडलेला. घरातलं किडूकमिडूक विकून झालेलं, उरलीसुरली पुंजी तीर्थयात्रांत दानधर्माला गेलेली, झाडपाल्यावर दिवस काढणं चाललेलं. अशा अवस्थेत त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, की तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर. मुलगी सोळाएक वर्षांची. पुढं १९०७ साली तिनं आपली साक्ष इंग्रजीत लिहून काढली, तेव्हा बापाचं हे शेवटचं बोलणं त्यात आवर्जून नोंदवलं. तोवर तिला ख्रिस्ती होऊन चोवीस वर्षं झाली होती. बाप कर्मठ वैष्णव, त्यानं ज्याच्या हाती तिला दिलं तो देव विष्णू. तरी लेकीनं ते बोल टाकून दिले नाहीत. ही लेक म्हणजे पंडिता रमाबाई.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी एक शब्दप्रयोग सतत येतो: स्वतःला प्रभूच्या स्वाधीन करणं. उपासनेत पाळक सांगतात, प्रार्थनासभेत साक्ष देणारी बाई सांगते, दुखणेकऱ्याच्या उशाशी बसलेली आई पुटपुटते. ‘स्वाधीन’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. फोड केली तर अर्थ निघतो आपला आपल्याच ताब्यात, म्हणजे स्वतंत्र. आणि ‘चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं’ म्हणताना तोच शब्द दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचं काम करतो. दोन्ही अर्थ एका शब्दात सुखानं नांदतात, कुणाला खटकत नाहीत. रमाबाईंचं चरित्र वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. कारण या बाईनं कुणाच्या स्वाधीन व्हायचं नाही हे आधी ठरवलं, आणि कुणाच्या व्हायचं हे बऱ्याच उशिरा.

ख्रिस्ती धर्मात समर्पणाचा पहिला धडा गेथशेमाने बागेतला. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू तिथं प्रार्थना करतो. दुःखाचा हा प्याला टळावा अशी विनवणी करतो आणि मग निर्णय पित्यावर सोडतो. प्रवचनांत भर असतो तो दुसऱ्या भागावर. पण विनवणी आधी आहे. नको म्हणण्याची, घाम फुटेस्तोवर झगडण्याची मुभा त्या बागेत आहे. रमाबाईंचा वाटा या झगडण्याच्या भागात मोठा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. नवरा कॉलऱ्यानं जाऊन वर्ष उलटलेलं, पदरात दोन वर्षांची मनोरमा. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळं डॉक्टरकी राहूनच गेली. वॉन्टेज गावातल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली होती. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथं आसरा मिळे, काम मिळे, माणूस म्हणून वागवलं जाई. रमाबाई चक्रावल्या. अशा स्त्रियांना शास्त्रं काय शिक्षा सांगतात ते त्यांना पाठ होतं. त्यांच्याजवळ मायेनं बसणाऱ्या बायका त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. हे कुठून येतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेजमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ उडाली.

आता बाई ‘आपल्या’ झाल्या असं मठाला वाटलं असेल, तर तो समज फार टिकला नाही. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता, पत्रांत रमाबाई त्यांना लाडानं ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढं पुस्तकरूपानं आला आहे, आणि तो वाचताना अधूनमधून हसू येतं. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत. सिस्टरना त्यात जातीचा ताठा दिसतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवू नये असं बिशपमंडळींचं म्हणणं पडलं तेव्हा तर त्या चांगल्याच उसळल्या. त्यांच्या एका उत्तराचा आशय असा, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून तसलंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही.

सिस्टरना हा अहंकार वाटला. मठातल्या माणसानं गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेली असतात, आणि वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणं हाच देवाला शरण जाण्याचा सराव, अशी तिथली धारणा. ती खोटी म्हणता येत नाही. कित्येक शतकं असंख्य स्त्री-पुरुष त्या वाटेनं गेले आहेत. पण देवाच्या नावानं माणसापुढं मान तुकवायला लावण्याचे जितके प्रकार घडतात, त्या सगळ्यांचं खापर शेवटी ‘समर्पण’ या शब्दावरच फुटतं. रमाबाईंना हा धोका पंचविशीतच दिसला, याचं मला अपार कौतुक वाटतं.

मग बाईंचं समर्पण झालं कधी? त्या स्वतः सांगतात ते वर्ष १८९१. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! मधल्या काळात अमेरिकेत त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झालं, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. नाव झालं, काम उभं राहिलं. याच सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. या हॅस्लमची गंमत अशी, की तो रीतसर दीक्षा घेतलेला पाळक, आणि त्याचं परिवर्तन झालं ते व्यासपीठावर उभा राहून स्वतःच प्रवचन देत असताना. ते वाचून रमाबाई स्वतःकडं पाहू लागल्या आणि त्यांना कळून चुकलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही सापडला. धर्म बुद्धीला पटला होता. तुलना करून, वाद घालून, पारखून घेतला होता. स्वतःला मात्र दिलं नव्हतं.

या बदलाचे पडसाद लवकरच सदनात उमटले. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली बोभाटा झाला. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. उघडं दार ही मोकळीक की आमंत्रण, हा वाद तेव्हाही मिटला नाही. आसऱ्याला आलेल्या बालविधवेला बाईंची माया आणि बाईंचा देव वेगवेगळे कसे करता येणार होते? टीकाकारांचा हा प्रश्न रास्त होता असं मला वाटतं. या मुलींसाठी दुसरं दार कुणी उघडलं होतं, हा रमाबाईंच्या बाजूचा प्रश्नही तितकाच रास्त.

बॉस्टनकरांनी दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन दिलं होतं, ती मुदत सरत आली होती. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं वाढवली आणि पैशासाठी माणसांपुढं हात पसरला नाही. गरज देवाला सांगायची आणि वाट पाहायची. त्यांची कहाणी रमाबाईंनी वाचली होती. अशात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या वाचताना त्यांना आपले आई-बाप आठवले असणारच. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि मुली घेऊन येऊ लागल्या. तीनशेच्या आसपास झाल्या. पुण्यात प्लेगामुळं इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली जमीन उपयोगी पडली. आधी झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

देवावर हवाला ठेवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हा समज केडगावात टिकत नाही. हातमाग चालले, छापखाना आला, शेती झाली, अंध मुलींना मनोरमेनं ब्रेल शिकवली. फुलहॅमला पाहिलं होतं तसं कृपासदनही उभं राहिलं. १९०५ च्या जूनमध्ये तिथं मोठं आध्यात्मिक संजीवन झालं. मुली रडत पापं कबूल करू लागल्या, रात्र-रात्र प्रार्थना चालल्या, त्याची वार्ता परदेशात पोचली. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र दोन हजार पानांची दोन वेळची व्यवस्था जास्त थक्क करते.

केडगावच्या बाहेर, नगरकडं, याच काळात दुसरं एक समर्पण चाललं होतं आणि त्याची किंमत कोण भरतं हे मराठीत लिहिलं गेलं, म्हणून ते इथं सांगायला हवं. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. पण त्या पुलाच्या अलीकडं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई उभ्या होत्या, पदरात पोर घेऊन. नवरा देवाच्या स्वाधीन झाला, बायको विरहाच्या. काही वर्षांनी त्या टिळकांकडं गेल्या, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःला पटल्यावर. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. संन्यास त्यांनी घेतला, संसार लक्ष्मीबाईंकडं राहिला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात हे सगळं लक्ष्मीबाईंनी इतक्या मिश्कीलपणे सांगितलं आहे, की वाचणारा हसता हसता थबकतो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले.

रमाबाईंनीही शेवटची पंधरा-सतरा वर्षं एका ग्रंथाला दिली. मराठी बायबल होतंच, पण त्यातले जड संस्कृत शब्द केडगावच्या बायकांच्या डोक्यावरून जातात, आणि त्या शब्दांना जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटलेले आहेत, असं त्यांचं मत. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि एकहाती भाषांतराला बसल्या. काव्य आणि व्याकरण ज्यांच्या जिभेवर होतं, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या बाईनं आपलं संस्कृत जाणूनबुजून बाजूला ठेवलं. भाषांतर मुळाला इतकं घट्ट धरून चालतं, की वाचताना जागोजागी ठेच लागते. साहित्य म्हणून ते फारसं कुणी वाखाणलं नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. केडगावचं सगळं जिच्यावर सोपवायचं ती चाळिशीतच गेली. रमाबाई भाषांतराच्या कामावरून उठल्या नाहीत. ते हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. छपाई उरली होती. ज्या मुली दुष्काळातून उचलून आणल्या होत्या, त्या आता बाया झाल्या होत्या. खिळे जुळवायला, मुद्रितं तपासायला, फर्मे बांधायला त्या इथंच शिकल्या होत्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.