रापलेला रणगाडा

पानिपत शहरापासून काही किलोमीटरांवर असलेल्या काला अंब या स्थळाचे नावच मुळी एका रंगावरून पडलेले आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामात येथे इतके रक्त सांडले की त्या भूमीवरचे आंब्याचे झाड काळे पडले, अशी लोककथा आहे. तो आंबा आता उरलेला नाही. तेथे विटांचा स्मारकस्तंभ उभा आहे आणि आसपासची जमीन यमुनेच्या गाळाची, फिकट करड्या रंगाची आहे. जुन्या डेरेदार आंब्याचा पर्णभार दुरून काळसरच दिसतो, आणि नावाचा उगम एवढाच असणे अशक्य नाही. तथापि एखाद्या वस्तूचा रंग पाहून तिच्यावर काय गुदरले हे सांगू पाहणे ही माणसाची फार जुनी खोड आहे. त्या रंगातला वस्तूचा मूळचा भाग कोणता, काळाने चढवलेला कोणता आणि ऐकीव गोष्टींनी चढवलेला कोणता, हे निवडून काढणे मात्र सोपे नसते.

रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती रंगवणाऱ्या छांदिष्टांपुढे नेमका हाच प्रश्न असतो, आणि वाळवंटातील रणगाडा रंगवताना तो विशेष कठीण होतो. जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने एकास पस्तीस या प्रमाणातील प्लॅस्टिकचे जोडसंच लोकप्रिय केले, तेव्हापासून हा छंद जगभर पसरला. संचातील सुटे भाग जुळवणे हे चिकाटीचे काम आहे. परंतु जुळवलेला रणगाडा दुकानातल्या खेळण्यासारखाच दिसतो. तो कोठे लढला, किती दिवस उन्हात उभा राहिला, हे रंगातूनच सांगावे लागते. या क्रियेला इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘रापवणे’ म्हणावे, असे मला वाटते. उन्हातान्हात राबलेल्या माणसाचा चेहरा रापतो, तसा हा रणगाडा.

महाराष्ट्रातील वाचकाला खरे रणगाडे जवळून पाहायचे असतील, तर त्याने अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, गाठावे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये तेथे रणगाडा संग्रहालय उघडले. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, पॅटन, आवडी येथे तयार झालेला विजयंता असे निरनिराळ्या सैन्यांचे आणि काळांचे रणगाडे तेथे एका आवारात उभे आहेत. प्रतिकृती करणाऱ्याला येथे बरेच काही मिळते: पोलादाची जाडी, जोडकामाचे वळ, झाकणांच्या कडा, आणि माणूस वर चढताना पाय कोठे ठेवतो ती जागा. रंगाच्या बाबतीत मात्र त्याने सावध असावे. उघड्यावर ठेवलेले लोखंड गंजापासून वाचवायचे, तर त्याला ठराविक काळाने रंग द्यावाच लागतो. संग्रहालयातल्या रणगाड्यावर आपण पाहतो तो रंग जतन करणाऱ्यांचा असतो. रणांगणावरचा रंग त्याखाली केव्हाच गेलेला असतो.

ही शंका किती खरी आहे, हे मॅटिल्डाच्याच उदाहरणावरून दिसते. दुसऱ्या महायुद्धात, ९ डिसेंबर १९४० रोजी, इजिप्तच्या वाळवंटात इटालियन सैन्याच्या निबेवा येथील तळावर हल्ला झाला. त्यात चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या पायदळाबरोबर ब्रिटिशांचे मॅटिल्डा रणगाडे होते. त्या काळी तेथील ब्रिटिश रणगाड्यांवर तीन रंगांचे तिरपे, सरळ कडांचे पट्टे असत. ही पद्धत ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाते. एक रंग फिकट वालुकाश्मासारखा, दुसरा गडद पाटीसारखा आणि तिसरा ‘रुपेरी करडा’. युद्धानंतर ब्रिटनमध्ये असे रणगाडे पुन्हा रंगवले गेले, तेव्हा हा तिसरा रंग आकाशी निळा झाला. छांदिष्टांनी संग्रहालय प्रमाण मानले, संचांवरील सूचनाही त्याच वाटेने गेल्या, आणि कित्येक वर्षे जगभरच्या कपाटांत निळे पट्टे असलेले मॅटिल्डा दिमाखाने उभे राहिले. पुढे माइक स्टार्मर या ब्रिटिश अभ्यासकाने जुनी आज्ञापत्रे आणि रंगांचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा तो रंग हिरवट छटेचा करडा असल्याचे दिसून आले. वाळवंटात आकाशी निळा रंग द्यावा असे कोणाच्याही मनात आले नव्हते. काला अंबच्या आंब्याप्रमाणे येथेही रंग गोष्टीने चढवला होता. फरक इतकाच की ही गोष्ट संग्रहालयाच्या दारातून आली होती.

मग विश्वास कशावर ठेवायचा? आज्ञापत्रांवर, जुन्या छायाचित्रांवर, आणि त्याहून अधिक कार्यकारणभावावर. मार्च १९४१ मध्ये जर्मन रणगाडे त्रिपोली बंदरात उतरले, तेव्हा त्यांचा रंग युरोपातील गडद करडाच होता. पिवळसर तपकिरी आणि हिरवट करड्या रंगांचा आदेश त्याच महिन्यात निघाला. याचा अर्थ असा की अशा रणगाड्याचा वरचा वाळूरंग जेथे घासला गेला, तेथे खाली करडा रंग दिसला पाहिजे. नवशिका मात्र प्रत्येक ओरखड्यात गंजाचा तांबडा रंग भरतो आणि रणगाडा भंगारातून आणल्यासारखा दिसू लागतो. कोरड्या हवेत लोखंड सावकाश गंजते. वाळूत फिरणारे साखळपट्टे तर घासून चकचकीत होतात. गंज दाखवायचाच असेल, तर तो धुराच्या नळकांड्यावर दाखवावा. तेथे उष्णतेने रंग जळून गेलेला असतो.

प्रत्यक्ष रंगकामाचा क्रम मराठीतल्याच शब्दांनी सांगता येतो. आधी अस्तराचा हात, मग मूळ रंग. त्यानंतर रंग विटवायचा, मग मळवायचा, मग झिजवायचा, आणि सर्वांत शेवटी धूळ बसवायची. हा क्रम मोडू नये, कारण खऱ्या वस्तूवरही धूळ सर्वांच्या वर असते.

मूळ रंग आज्ञापत्रातल्यापेक्षा थोडा फिका घ्यावा लागतो. एकास पस्तीसची प्रतिकृती आपण तीस सेंटिमीटरांवरून पाहतो, म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरांवरून पाहिल्यासारखे होते. मधल्या हवेमुळे आणि धुळीमुळे दूरचा रंग निवळतो. विटवण्यासाठी मूळ रंगात पांढरा किंवा पिवळट रंग मिसळून तो फक्त वरून ऊन लागणाऱ्या सपाट भागांवर, मध्यभागी, पातळ फवाऱ्याने देतात. कडा तशाच सोडतात. मळवण्यासाठी तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचांत आणि रिव्हेटांभोवती सोडतात. तो आपोआप सांदीत उतरतो. येथे काळा रंग वापरण्याचा मोह टाळावा. प्रखर उन्हातही सावली तपकिरी असते. काळ्या रेघांनी रणगाड्याचे व्यंगचित्र होते. इंधन भरण्याच्या तोंडाशी आणि चाकांच्या मध्याशी ओशट डाग असतात. त्यांवर धूळ चिकटून गडद होते, म्हणून हे डाग थोडे चमकते ठेवतात.

झिजवण्याच्या कामी स्पंजाचा तुकडा उपयोगी पडतो. त्याचे टोक रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडे करून, कडांवर हलके टेकवायचे. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरांचा होतो, हे विसरता कामा नये. टवके कोठे पडतील हे तेथे काम करणारी माणसे ठरवतात: झाकणाची कड, चढण्याची पायरी, अवजारांच्या पेटीचा कोपरा. जेथे कोणाचा हात वा बूट पोचत नाही तेथे टवका काढणाऱ्याने आपण काय दाखवत आहोत याचा विचार केलेला नसतो.

धुळीविषयी आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. ‘खाकी’ हा शब्दच फारसीतल्या ‘खाक’, म्हणजे धूळ, या शब्दापासून आला, आणि तो लष्करी रंग प्रथम रुळला तो १८४० च्या दशकात, लम्सडेन यांच्या गाइड्स पथकाच्या निमित्ताने, पेशावरच्या बाजूला. परंतु धूळ सगळीकडे एक नसते. नगरच्या अंगणातली माती काळ्या पाषाणाची, गडद; पानिपतची करडी; जैसलमेरची पिवळसर. उत्साही माणूस थरच्या वाळवंटातून मूठभर वाळू बाटलीत भरून आणतो आणि प्रतिकृतीवर भुरभुरतो, तेव्हा त्याची निराशा होते. अर्ध्या मिलिमीटरचा एक कण त्या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरांचा, म्हणजे चिंचोक्याएवढा होतो. रणगाड्यावर चिंचोके सांडलेले कोणी पाहिले आहेत? त्यासाठी खडूची किंवा रंगद्रव्याची वस्त्रगाळ पूड लागते, आणि तीही साखळपट्ट्यांच्या वरच्या पत्र्यांवर जास्त, तोफेच्या नळीवर जवळजवळ नाही.

वाळवंटी रंगाचा हेतू रणगाडा लपवणे हा असला, तरी त्याची मर्यादा भारतीयांनी स्वतःच पाहिली आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवाला येथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने रात्रभर अडवून धरलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी हल्ला चढवला. आकाशातून घेतलेल्या त्या दिवसाच्या छायाचित्रांत रणगाडा हा एक ठिपका आहे. डोळ्यांत भरतात ती मऊ वाळूवर उमटलेली साखळपट्ट्यांची वेटोळी, जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या वळणांची, आणि सकाळच्या तिरप्या उन्हातल्या लांब सावल्या. पत्र्याला कोणताही रंग दिला असता तरी ती वेटोळी पुसली गेली नसती. लोंगेवालाचा देखावा करू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी पाटावरची वाळू बसवावी, ती ओली असतानाच सुट्या साखळपट्ट्याने तिच्यावर वळणे उमटवून घ्यावीत, आणि ती वाळल्यावर रणगाडा त्यांच्या टोकाशी ठेवावा. मग त्याच वाळूच्या छटेची पूड त्याच्या चाकांवर आणि खालच्या पत्र्यांवर चढवावी.