दहावी राहून गेलेल्यांचा परतीचा रस्ता : अडचण वयाची नाही, घरची

‘आता या वयात कसली परीक्षा?’ सीमाभागातल्या कित्येक घरांत हा प्रश्न ऐकू येतो. पण मोठेपणी पुन्हा पुस्तक हातात घेणाऱ्यांची घरं पाहिली तर कळतं, की शाळा सुटली ती डोकं चाललं नाही म्हणून नव्हे, घरची घडीच तशी होती म्हणून.

यात थोरल्या मुली बऱ्याच. आई शेतावर गेली की धाकट्यांना सांभाळणार कोण? हायस्कूल परगावी असलं की सातवीनंतर शाळा बंद, पुढे लग्न. मुलांचं वेगळं. वडील गेले किंवा डोक्यावर कर्ज झालं, की थोरला गवंड्याच्या हाताखाली, फाउंड्रीत नाहीतर गोव्यात हॉटेलात. बेळगाव भागात माध्यमाचीही भर पडते. जवळ मराठी हायस्कूल नसेल तर आठवीला एकदम कन्नड, आणि तिथं पाय अडतो.

शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, तोही ६ ते १४ वयोगटासाठी. त्याआधीच गळालेल्यांच्या वाट्याला तो आलाच नाही.

अशांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी आहे. ही केंद्राची संस्था असल्यानं राज्याची हद्द आड येत नाही. चंदगडची लेक बेळगावात नांदत असली तरी तिथूनच अर्ज करू शकते. किमान वय १४, वरची मर्यादा नाही. माध्यम मराठी घेता येतं. पाच विषय पास व्हायचे, पण एकदम नव्हे. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. जुना दाखला सापडत नसेल तर दहावीसाठी स्वतःचं घोषणापत्र चालतं, मात्र जन्मतारखेचा पुरावा लागतोच.

बायकांनी एक गोष्ट आधीच बघून घ्यावी : कागदांवर नाव माहेरचं आहे की सासरचं? फरक असेल तर अर्जाआधीच मिटवलेला बरा.

उरतो प्रश्न वेळेचा, आणि तो घरच्यांनीच सोडवायचा. सासूबाईंनी संध्याकाळची चूल सांभाळली, नवऱ्यानं मुलांचा अभ्यास घेतला, तर रोजचा तासभर निघतो. शाळा घरामुळं सुटली होती. ती पुन्हा धरायची तर घरानंच हात द्यायला हवा.