वहीत नसलेली माणसं

त्र्यंबकमध्ये पुन्हा सिंहस्थाची धांदल सुरू झाली आहे. आराखडे, बैठका, रुंदीकरण. अशातच शेजारच्या सातवीतल्या मुलाने मला त्याची प्रकल्पवही दाखवली. ‘माझ्या आजीची मुलाखत’. दुकानात तयार मिळालेली. त्यातली आजी सांगते की पूर्वी जातं होतं, चूल होती आणि माणसं प्रेमळ होती. त्याची खरी आजी आत नागलीच्या भाकरी थापत होती. तिला कुणीही काही विचारलेलं नव्हतं.

माझ्या मास्तरकीच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सनावळ्या घोकून घेतल्या, एवढंच. मन रमतं ते १९९१ च्या सिंहस्थापासून २००३ च्या सिंहस्थापर्यंतच्या तपात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आलं होतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांना बोलतं करून लिहिलेलं. ते वाचलं आणि वाटलं, हे आमची पोरंही करतील.

त्र्यंबक हे तसं वह्यांचंच गाव. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात. दूरदेशीचा माणूस इथे येऊन पणजोबांचं नाव वाचून जातो. पण डोंगरातून मोळ्या आणि पत्रावळीची पानं घेऊन उतरणारी कोळी, ठाकर, कोकणा माणसं कुणाचे यजमान नव्हती. त्यांच्या घरची पोरं माझ्या वर्गात होती.

त्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं, असं ठरवलं. शाळेचा एकच टेपरेकॉर्डर. नियमही एकच: ‘तुम्हाला कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. ‘त्या दिवशी काय शिजवलं होतं?’ असं विचारायचं. मग १९७२ चा दुष्काळ निघे, खडी फोडणं निघे, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी निघे. अप्पर वैतरणा धरणात जमीन गेलेल्या एका म्हाताऱ्याने बुडालेल्या शेतांची नावं बांधाला बांध लावून सांगितली आणि नातवाने त्यावरून नकाशा काढला. मुंबईच्या नळाला येणारं पाणी कुणाच्या वावरावरून जातं, हे त्या वर्गाला पुस्तकाशिवाय कळलं. बोहाड्यात सोंग घेणाऱ्या एका आजोबांनी मात्र मुलांनाच उलटं विचारलं, ‘तुमाला कशाला पायजे?’ उत्तर द्यायला पोरांना आठवडा लागला. माझ्या लेखी तो त्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास.

तपासणीला आलेले एक साहेब वह्या चाळून म्हणाले, ‘हे परीक्षेत येतं का?’ एका सहकाऱ्याच्या मते ही अडाण्यांची बडबड होती. दोघेही सन्मानाने निवृत्त झाले. कॅसेटना बुरशी लागली. वह्या, वर्ग रंगवायला काढले तेव्हा, रद्दीत गेल्या. मला कळलं ते रंग वाळल्यावर.

गंमत अशी की पुढे आमचंच म्हणणं मान्य झालं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात प्रकल्पाला गुण आले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मौखिक साधनं आली. गुण आले म्हणून घाई आली, घाई आली म्हणून तयार वही आली. शिक्षकांना तरी किती बोलणार? निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांतून मान वर काढली तर ते मुलांना घेऊन पाड्यावर जाणार.

१९५६ चा सिंहस्थ दहाव्या वर्षी पाहिलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. कुशावर्तावर तेव्हा गर्दी कशी आवरली, पटकी-देवीची टोचणी कुठे होती, पाड्यावरच्यांनी तेव्हा काय विकलं, हे तो अजून सांगेल. आराखड्यात त्याच्यासाठी रकाना नाही. निदान त्या सातवीतल्या पोराने तरी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन त्याला गाठावं. मोबाईलवर आवाज टिपता येतो. आमच्यासारखी टेपरेकॉर्डरसाठी पाळी लावावी लागत नाही.