गुडघा कुरकुरतो तेव्हाच लक्ष द्या



उसाची पाने पिवळी पडू लागली की आपण लगेच सरीत उतरून मुळे उकरून पाहतो. पण स्वतःचा गुडघा वर्ष-दोन वर्षे कुरकुरत असला तरी "वयाचंच आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतो. म्हणून गुडघ्याच्या झिजेच्या सुरुवातीच्या काळाविषयी आम्ही इथे लिहीत आहोत. करण्यासारखे सर्वात जास्त याच काळात असते.

मांडीचे व नडगीचे हाड जिथे मिळतात, तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव. झीज सुरू झाली की कूर्चा मऊ व खडबडीत होते, तिला चिरा पडतात. सांध्याच्या अस्तराला अधूनमधून सूज येते. कूर्चेला नसा नाहीत, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते भोवतालचे हाड आणि अस्तर. सुरुवातीला एक्स-रे फोटोतही विशेष काही दिसेलच असे नाही.

मग ओळखायचे कसे? रोजच्या कामावरून. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखते. खुरपणीला उकिडवे बसल्यावर उठताना हाताचा टेकू लागतो. सकाळी गुडघा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तर घाबरायचे कारण नाही. पन्नाशीनंतर हा त्रास स्त्रियांत अधिक. आणि आपल्याकडे खुरपणी, धारा काढणे बहुधा त्यांच्याच वाट्याला. घरच्या कारभाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

पुष्कळ जण दुखले की चालणेच बंद करतात. इथेच गाडी अडते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून, हालचालीनेच होते. शिवाय पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू सुकतो, सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. कारखान्याची मिल हंगाम संपल्यावर उघडून दुरुस्त करता येते. गुडघ्याला तशी सवड नाही, चालता ठेवूनच त्याला राखावे लागते.

उपाय बिनखर्चाचे आहेत. उताणे झोपून एक पाय दुमडावा; दुसरा ताठ ठेवून हातभर उचलावा, पाच आकडे मोजून सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. सपाट वाटेने चालावे. फरक पडायला महिना-दोन महिने लागतात, धीर सोडू नये. अंगावरचे १ किलो वजन उतरले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. खुरपणीत मधूनमधून उभे राहावे; जमेल तिथे सायकल कोळपे वापरावे. धार काढायला स्टूल घ्यावे. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या उलट हातात.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. पोट व मूत्रपिंड बिघडते. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा सांधा अडकून बसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेत आपले, कारखाना आपला, तसा गुडघाही आपलाच. त्याचीही वेळेवर निगा राखावी, एवढीच आमची विनंती.